पत्रकारिता शिकताना लिहिणं नेमकं कुठे बदलतं?

प्रश्न असा आहे: मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालेली, कॉलेजच्या वार्षिकात ललित लेख आणि कथा छापून आलेली एक विद्यार्थिनी पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाला दाखल झाली. पहिलं सत्र संपेपर्यंत तिला वाटायला लागलं की आपलं लिहिणं कोरडं होत चाललंय. शिक्षक विशेषणं खोडतात, सुरुवातीचा परिच्छेद कापतात, समासात 'कोण म्हणालं?' एवढंच लिहून वही परत देतात. या शिक्षणानं हात सुधारतो की बिघडतो, असं तिनं विचारलं आहे.

शैली बदलते हे खरं, पण तो वरवरचा भाग आहे. खरा बदल वेगळाच. लिहिण्यातले कष्ट आपली जागा बदलतात. आधी सगळी मेहनत वाक्य सजवण्यात जायची. आता ती वाक्य कागदावर येण्याआधी, 'हे मला कसं कळलं?' या एका प्रश्नाचं उत्तर मिळवण्यात जाते. हा बदल पक्का झाला की शैली आपोआप नीट होते. तो झालाच नाही, तर विशेषणं कितीही खोडली तरी हाती फक्त बिनविशेषणांचा निबंध राहतो.

निबंधाची सवय आपल्यात किती खोल असते ते आधी ओळखायला हवं. दहावीपर्यंत एकच साचा घोटवलेला असतो. सुरुवातीला सुविचार किंवा कवितेच्या दोन ओळी, मग विषयाचं महत्त्व, मग मुद्दे, शेवटी 'म्हणूनच आपण सर्वांनी मिळून' असा उपदेश. त्या निबंधाच्या वाचकाला, म्हणजे परीक्षकाला, विषय आधीच माहीत असतो. तो फक्त तुमची भाषा तपासत असतो. बातमीच्या वाचकाला विषय माहीत नसतो आणि तुमच्या भाषेला गुण द्यायला तो बसलेला नसतो. पाणीटंचाईवर लिहायला दिलं की पहिल्या महिन्यात बहुतेक वह्यांत असा मजकूर येतो:

'पाणी म्हणजे जीवन. मात्र आजही अनेक गावांत माता-भगिनींना हंडाभर पाण्यासाठी रणरणत्या उन्हात वणवण भटकावे लागत आहे. प्रशासनाचे याकडे साफ दुर्लक्ष होत आहे.'

व्याकरण बरोबर, ओघही आहे. पण गावात पाऊल न टाकता लिहिता येणार नाही असं यात एकही वाक्य नाही. तोच विद्यार्थी नीट शिकला तर काही महिन्यांनी असं लिहितो (गाव आणि आकडे उदाहरणापुरते रचलेले):

'गावातील दोन्ही सार्वजनिक विहिरी मार्चच्या सुरुवातीला आटल्या. ग्रामपंचायतीने १० मार्चला टँकरची मागणी केली. मंजुरी २ एप्रिलला मिळाली. आता १२ हजार लिटरचा एक टँकर दिवसाआड येतो. २०११च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या १,८०० आहे. म्हणजे माणशी दिवसाला साडेतीन लिटरही पाणी मिळत नाही. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी ५५ लिटरचे आहे.'

'दुर्लक्ष' हा शब्द गेला आणि त्याच्या जागी २३ दिवस आले. वाचकाला राग यायचा असेल तर तो या २३ दिवसांचा येईल, आणि संबंधित अधिकाऱ्यालाही 'आमच्यावर अन्याय झाला' असं म्हणता येणार नाही. हा परिच्छेद कोरडा वाटतो का? मला तो पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त अस्वस्थ करणारा वाटतो.

आता यातल्या प्रत्येक वाक्यामागचं काम पाहा. विहिरी आटल्या हे वाकून बघितलं पाहिजे. कधी आटल्या हे किमान दोन वेगवेगळ्या घरांत विचारलं पाहिजे, कारण 'होळीच्या आधी' आणि 'शिमग्याला' यांत आठवडा इकडेतिकडे होतो. टँकरची क्षमता टाकीवर रंगवलेली असते, पण तो पूर्ण भरून येतो का हे टाकीवर लिहिलेलं नसतं. खेपांची नोंदवही मागायची आणि तिच्यातल्या खेपा पाणी भरणाऱ्या बायकांच्या सांगण्याशी ताडून बघायच्या. नोंदवहीत रोज एक खेप आणि बायकांच्या मते दिवसाआड, असा फरक निघाला तर खरी बातमी टंचाईची नाहीच, ती नोंदवहीची आहे. मागणीची तारीख ग्रामपंचायतीच्या जावक नोंदीत आणि पंचायत समितीच्या आवक नोंदीत अशी दोन्हीकडे मिळते. दोन्ही बघाव्यात, कारण पत्र निघण्यात आणि पोहोचण्यातही दिवस जातात. लोकसंख्या २०११ची आहे हे वाक्यातच सांगायचं, कारण त्यानंतरच्या जनगणनेचे आकडे आलेले नाहीत आणि गाव तेव्हाएवढंच राहिलेलं नसतं. शेवटचा भागाकार स्वतः कागदावर करायचा: १२,००० भागिले १,८००, भागिले २. उत्तर ३.३३. अधिकाऱ्यानं सांगितलेला 'माणशी' आकडा तसाच उचलायचा नाही.

इतकं सगळं करायचं तर वहीची शिस्त लागते. पानाच्या मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे माहिती. उजवीकडे ती कशी कळली: पाहिलं, कागदावर वाचलं, या व्यक्तीनं सांगितलं, किंवा या व्यक्तीनं दुसऱ्याकडून ऐकलेलं सांगितलं. वर तारीख, वेळ, ठिकाण. उजवा रकाना रिकामा असलेली ओळ बातमीत जात नाही. माणसाचं नाव त्याच्याकडूनच लिहून घ्या. मराठीतही हे लागतं: दीक्षित की दिक्षित, ढवळे की धवळे, आणि वडिलांचं नाव काय, कारण एका गावात एकाच नावा-आडनावाचे तिघे असतात. गावाच्या नावापुढे तालुका आणि जिल्हा हवाच. पिंपळगाव आणि वडगाव महाराष्ट्रात किती आहेत याची गणती नाही, आणि बुद्रुकच्या जागी खुर्द पडलं तर अपघात, गुन्हा किंवा योजना भलत्याच गावाच्या माथी बसते.

कागद हातात आला म्हणजे खात्री झाली, असं नवशिक्यांना फार वाटतं. मराठी पत्रकारितेच्या जुन्या काळातलं एक प्रकरण म्हणूनच वर्गात सविस्तर शिकवायला हवं. १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर, 'मराठा' टिळकांकडे. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा तिथले कारभारी माधवराव बर्वे छळ करत आहेत, असे लेख या वृत्तपत्रांत आले. त्यांना हाती आलेल्या काही पत्रांचा आधार होता. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, ती पत्रं बनावट ठरली, आणि १८८२ मध्ये दोन्ही संपादकांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. हे आपण देशभक्तीची कथा म्हणून ऐकलेलं असतं, आणि त्यांची तळमळ खरीच होती. पण बातमीदारानं त्यातून उचलायचं ते असं: कागद हाही एक दावाच असतो. तो कुणी लिहिला, तुमच्यापर्यंत कुणाच्या हातून आला, तो छापून आल्यावर कुणाचा फायदा, आणि या हाताशी संबंध नसलेलं दुसरं कुणी तीच गोष्ट सांगतंय का? शिवाय ज्याच्यावर आरोप आहे त्याला छापण्याआधी विचारलं का? 'संपर्क होऊ शकला नाही' हे वाक्य लिहायचं असेल तर कोणत्या क्रमांकावर, किती वाजता, किती वेळा फोन केला आणि संदेश पाठवला का, हे वहीत असलं पाहिजे. रात्री साडेनऊला एकदा फोन करून दहाला पान छपाईला सोडलं, तर तो संपर्काचा प्रयत्न नव्हे.

आता भाषेकडे. इथे मराठीचा स्वतःचा एक प्रश्न आहे आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकं वाचून तो सुटत नाही. 'सगळ्यात महत्त्वाचं आधी', म्हणजे उलट्या मनोऱ्याची रचना, प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवतात. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे या सहा ककारांची उत्तरं इंट्रोत, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदात द्या, असंही सांगतात. विद्यार्थी ती सगळी एकाच वाक्यात कोंबतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे बातमीतलं 'काय झालं' वाक्याच्या शेपटीला जातं. हे वाक्य पाहा:

'शहरातील पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकात करण्यात आलेल्या बदलाच्या निषेधार्थ विविध संघटनांच्या वतीने महापालिकेच्या मुख्य इमारतीसमोर आयोजित करण्यात आलेल्या आंदोलनात सहभागी झालेल्या नागरिकांवर पोलिसांनी सौम्य लाठीमार केला.'

चोवीस शब्द, आणि बातमी तेविसाव्यावर. मनोरा उलटा करायला निघालो होतो, तो सुलटाच राहिला. मराठीत इंट्रो दोन-तीन छोट्या वाक्यांत तोडावा लागतो: 'महापालिकेसमोर आंदोलन करणाऱ्या नागरिकांवर पोलिसांनी सोमवारी लाठीमार केला. पाण्याच्या नव्या वेळापत्रकाविरोधात हे आंदोलन होते.' पहिलं वाक्य आठ शब्दांचं. किती संघटना, कोणत्या, किती जखमी हे पुढे. आणि 'सौम्य' गेलाच पाहिजे, कारण तो पोलिसांचा शब्द आहे. डोक्याला टाके पडलेल्या माणसाला तो कसा वाटेल? किती जणांना इजा झाली, कितींना रुग्णालयात नेलं हे लिहा. लाठीमार सौम्य होता की नव्हता ते वाचक ठरवेल. माझा ढोबळ नियम असा की इंट्रोचं पहिलं वाक्य पंधरा शब्दांपलीकडे गेलं तर त्यातला 'झालेल्या', 'आलेल्या', 'असलेल्या' हा भाग काढून त्याचं वेगळं वाक्य करावं.

याच उदाहरणात दुसरा रोगही दिसतो: 'करण्यात आले'. सरकारी टिपणीतून, प्रेसनोटमधून ही रचना आपल्या हातात इतकी मुरली आहे की ती खटकतही नाही. 'रस्त्यालगतची झाडे तोडण्यात आली.' कुणी तोडली? महापालिकेनं, महापालिकेच्या ठेकेदारानं, की शेजारच्या बिल्डरनं? शहरी भागात झाड तोडायला १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, ती होती का? कर्ता गाळला की हे सगळे प्रश्न वाक्याखाली दबून जातात. म्हणून पहिल्या सत्रात एक सराव सक्तीचा ठेवावा: आपल्या बातमीच्या मजकुरातला प्रत्येक 'करण्यात आले' लाल करायचा आणि त्या जागी कर्ता घालायचा. घालता येत नसेल तर दोष भाषेचा नाही, माहितीतच भोक आहे, फोन उचलायचा. कर्ता खरोखर कुणालाच माहीत नसेल, तर 'कुणी तोडली हे समजलेले नाही' असं उघड लिहायचं.

तिसरी गोष्ट बोलणाऱ्याला जोडलेल्या क्रियापदाची. 'म्हणाले' आणि 'सांगितले' ही दोन क्रियापदं निम्म्याहून जास्त वेळा पुरतात. पण निबंधात पुनरुक्ती टाळायची सवय लागलेली असते, म्हणून विद्यार्थी आळीपाळीनं 'नमूद केले', 'स्पष्ट केले', 'अधोरेखित केले', 'कबूल केले' असं लिहीत जातो. यातल्या प्रत्येकात निवाडा दडलेला आहे. 'पुरवठा सुरळीत असल्याचे आयुक्तांनी स्पष्ट केले' असं लिहिलं की पुरवठा सुरळीत आहे हे तुम्हीही मान्य केलंत. 'कबूल केले' म्हटलं की आधी ते लपवत होते असं ठरतं. 'दावा केला' एकाच बाजूला लावला तर ती बाजू संशयास्पद होते आणि दुसरी खरी. म्हणून 'म्हणाले' दहा वेळा आलं तरी चालेल. वाचकाला ते जाणवतही नाही.

पोलीस आणि न्यायालयाच्या बातम्यांत तर शब्द म्हणजे घटनाच. 'ताब्यात घेतले' आणि 'अटक केली' एक नाही. 'गुन्हा दाखल झाला' म्हणजे कुणीतरी तक्रार दिली आणि ती नोंदली गेली; गुन्हा घडल्याचं सिद्ध झालेलं नाही. पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी वेगळ्या. जामीन मिळाला म्हणजे सुटका झाली नाही, आणि निर्दोष मुक्तता तर फारच पुढची गोष्ट. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यानं कलमांचे क्रमांकही बदलले: खुनासाठी ३०२च्या जागी १०३, फसवणुकीसाठी ४२०च्या जागी ३१८. पण घटना त्या तारखेआधीची असेल तर गुन्हा जुन्या दंड संहितेखालीच. म्हणजे कलम लिहिण्याआधी घटनेची तारीख बघायची. एकाच पानावर दोन बातम्यांत दोन वेगळी कलमं दिसली म्हणून उपसंपादकानं ती 'सारखी' करून टाकायची नाहीत.

लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२नुसार गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं कलम २३ लागू होतं. हे विद्यार्थी पाठ करतात आणि नाव गाळून निश्चिंत होतात. पण हजार वस्तीच्या गावाचं नाव, मुलीची इयत्ता आणि वडील ट्रॅक्टर चालवतात एवढं लिहिलं की साऱ्या तालुक्याला ती कोण ते कळतं. इथे विचारायचं ते असं: हा मजकूर गावातल्या माणसानं वाचला तर त्याला कळेल का? कळणार असेल तर गावाचं नाव काढा, तालुक्यावर थांबा. आरोपी जवळचा नातेवाईक असेल तर त्याचं नावही देता येत नाही, कारण त्यावरून तिची ओळख पटते.

आत्महत्येच्या बातमीतही लेखनाची जबाबदारी अशीच बारीक असते. 'कर्जाला कंटाळून शेतकऱ्याची आत्महत्या' हा मथळा मराठी वृत्तपत्रांनी इतका वापरला आहे की तो आपोआप टाइप होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचना सांगतात की पद्धतीचं वर्णन नको, मथळ्यात तो शब्द ठळक नको, एकच कारण चिकटवू नका, आणि मदतीचा क्रमांक द्या. आपल्याकडे तो क्रमांक टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा, १४४१६. याचा अर्थ कर्जाबद्दल गप्प बसायचं असा नाही. कर्ज किती, कोणत्या बँकेचं किंवा सावकाराचं, पीकविमा मिळाला की नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ते प्रकरण मदतीसाठी पात्र ठरवलं की अपात्र आणि कोणत्या कारणानं, हे सगळं लिहा. ते 'कंटाळून' या एका शब्दापेक्षा त्या कुटुंबाच्या आणि शेजारच्या दहा कुटुंबांच्या जास्त कामाचं आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आकड्यांची भीती असते, आणि ती इथे सोडावीच लागते. पावसाळ्यात धरणांच्या बातम्या लिहिताना हे फार लवकर उघडं पडतं. टीएमसी (१०० कोटी घनफूट) हे साठ्याचं माप, क्युसेक हे वाहण्याच्या वेगाचं. '१० हजार क्युसेक पाणी सोडले' म्हणजे सेकंदाला १० हजार घनफूट. असं २४ तास चाललं तर सुमारे ०.८६ टीएमसी पाणी खाली जातं. 'खडकवासला शंभर टक्के भरले' हा मथळा पुण्यात दरवर्षी येतो, पण खडकवासल्याचा उपयुक्त साठा दोन टीएमसीहूनही कमी आहे. शहराला वर्षभर पाणी पुरेल का हे पानशेत, वरसगाव, टेमघर धरून चारही धरणांच्या एकत्रित २९ टीएमसींवर ठरतं. कोयनेचा एकूण साठा १०५ टीएमसी. तिथले दहा टक्के म्हणजे खडकवासल्याएवढी पाच धरणं. टक्के सांगायचे तर कशाचे टक्के, हे त्याच ओळीत यायला हवं. बाजार समितीच्या भावातही हीच फसगत होते. लासलगावला कांद्याचा किमान, कमाल आणि सरासरी असे तीन दर निघतात. मथळ्यासाठी कमाल उचलला जातो, आणि तो कधीकधी एखाद्याच ट्रॉलीला मिळालेला असतो. घरी बसून बातमी वाचणारा शेतकरी त्या भावाच्या आशेनं माल भरतो. सरासरी दर आणि आवक किती क्विंटल, हे दोन्ही असल्याशिवाय भावाची बातमी पूर्ण होत नाही. एखाद्या पक्षाची मतं ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेली तर ती १० अंकांनी वाढली. वाढीचा दर काढला तर तो २५ टक्के येतो. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुरावरून लिहिताना एक बिलियन म्हणजे १०० कोटी, एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी, हे टेबलावर चिकटवून ठेवलं तरी हरकत नाही. शून्य चुकतं ते नेहमी इथेच.

प्रेसनोट वाचायला शिकणं हाही लिहायला शिकण्याचाच भाग. 'मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन' पासून 'आभार प्रदर्शनाने सांगता' पर्यंतचा मजकूर बाजूला काढा आणि त्यात काय नाही ते शोधा. रस्त्याचं भूमिपूजन झालं, पण खर्च किती, काम कधी संपणार, ठेकेदार कोण, याच रस्त्याचं आधी कधी भूमिपूजन झालं होतं का? उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. नेमकं लिहायला शिकवणारा याहून चांगला स्वाध्याय मला माहीत नाही. 'रस्ता इतका खराब का झाला?' असं विचारलं तर उत्तर येणार नाही, कारण कायदा अभिप्राय मागण्याचा हक्क देत नाही, नोंदी मागण्याचा देतो. 'अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, दिलेली देयके आणि दोषदायित्व कालावधीची नोंद यांच्या प्रती' असं मागितलं की कागद हलतात. निबंधातला 'का' इथे 'कोणता कागद' होतो.

आता तिच्या मूळ तक्रारीकडे. पत्रकारितेचा अभ्यास वाईट रीतीनं झाला तर लिहिणं खरंच मरतं. मात्र त्याला कारण वस्तुनिष्ठता नसते. एक साचा सोडून दुसरा तयार साचा हातात आलेला असतो: 'सविस्तर वृत्त असे की', 'एकच खळबळ उडाली', 'घटनास्थळी धाव घेतली', 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे', 'उलटसुलट चर्चांना उधाण आले'. ही वाक्यंही गावात न जाता लिहिता येतात, म्हणजे 'पाणी म्हणजे जीवन'चीच ही भावंडं. खळबळ उडाली म्हणजे काय झालं? दुकानं बंद झाली, शाळा सोडून दिली, की चौकात माणसं जमली? किती जमली?

दोन्ही बाजू घेण्याचाही साचा होतो. रहिवासी म्हणतात पाणी गढूळ आहे, अभियंता म्हणतो शुद्ध आहे, आणि बातमी संपली. यातलं खरं काय हे शोधणं हेच तर काम होतं. पाण्याचा नमुना तपासणीला गेला होता का, अहवाल कोणत्या तारखेचा, नमुना टाकीतून घेतला की नळातून? दोन अवतरणं शेजारी ठेवली म्हणजे न्याय झाला, असं नसतं.

ललित लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडे एक गोष्ट जन्मजात असल्यासारखी असते: बारकावा टिपणारी नजर. तिचा वापर बातमीत थांबवायचा नाही, फक्त तिला वहीच्या उजव्या रकान्याला बांधायचं. टँकर आल्यावर आधी कोण धावतं, पाइप कुणाच्या हातात असतो, कोणत्या वस्तीचे हंडे रांगेत मागे राहतात, टँकर गेल्यावर खाली सांडलेलं पाणी कोण भरून घेतं. हे सगळं डोळ्यांनी दिसतं, यात कल्पनेची गरज नाही, आणि गावातल्या जातीपातीचा, सत्तेचा नकाशा यातून जितका दिसतो तितका कुठल्याही अग्रलेखात दिसणार नाही. मराठी पत्रकारिता १८३२च्या 'दर्पण'पासून विचारपत्रांच्या अंगानं वाढली, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांना मत मांडण्याची घाई फार. बघून लिहिण्याला कमी प्रतिष्ठा मिळते, याची मला खरोखर चिंता वाटते.

अवतरणांच्या बाबतीत तिचा भाषेचा कान फार उपयोगी पडेल, पण तिथेच एक खड्डा आहे. शेतकऱ्याचं बोलणं वऱ्हाडीत किंवा अहिराणीत जसंच्या तसं, आणि त्याच बातमीत जिल्हाधिकाऱ्यांचं बोलणं घासूनपुसून प्रमाण मराठीत. प्रत्यक्षात साहेबही 'म्हणजे काय आहे ना, ते फंड रिलीज झालं की' असंच बोललेले असतात. एकाला व्याकरण दिलं आणि दुसऱ्याला 'गोडवा', की वाचणाऱ्याच्या मनात कोण शहाणा हे ठरून जातं. दोघांनाही एकच नियम लावा. शब्द हाच मुद्दा असेल तर दोघांचंही बोलल्याप्रमाणे द्या, नाहीतर दोघांचंही हलक्या हातानं प्रमाण करा, अर्थ न हलवता. रेकॉर्डिंग ठेवा आणि छापण्याआधी अवतरण त्याच्याशी एकदा ताडून बघा.

दुसऱ्या सत्रासाठी तिला एक काम सुचवतो. टँकरच्या गावासारखा एक विषय घ्यायचा, एकाच वहीवरून दोनदा लिहायचं: आधी २५० शब्दांची बातमी, मग ९०० शब्दांचं फीचर, म्हणजे सविस्तर वृत्तलेख. बातमी त्याच दिवशी, फीचर तीन दिवसांनी. फीचरच्या प्रत्येक परिच्छेदाशेजारी वहीचा पान क्रमांक लिहायचा. क्रमांक सापडत नाही असा परिच्छेद आला, आणि तो बहुधा सगळ्यात सुंदर जमलेला असेल, तर तो बाजूला ठेवायचा, पुन्हा त्या गावी टँकरच्या वेळेला जायचं, आणि तिथे प्रत्यक्ष जे दिसेल त्यावरून तो नव्यानं लिहायचा.